पिल्लू घेण्याआधी त्याची आई पाहावी



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय, रंगभूमी, लोकगीते, सीमाभागातील शिक्षण अशा अनेक विषयांवर विद्वानांनी विवेचन केले. यंदाच्या निमंत्रणपत्रिकेवर माझा विषय वाचून एका जुन्या वर्गमित्राने मला दूरध्वनी केला आणि काळजीच्या स्वरात विचारले, "पत्रिका छापताना काही घोटाळा झाला का रे?" घोटाळा झालेला नाही. ज्या माणसाने हयातभर ज्ञानेश्वरी आणि मराठी कविता शिकविली, त्याने कुत्र्याचे पिल्लू कसे घ्यावे यावर बोलावे याला एक कारण घडले आहे. ते आधी सांगतो आणि मग विषयाकडे वळतो.

दोन वर्षांपूर्वी नातीच्या दहाव्या वाढदिवसासाठी आम्ही एक पिल्लू आणले. मुलाने मोबाइलवर छायाचित्र पाहिले, विक्रेत्याशी बोलणे केले, आगाऊ रक्कम पाठविली. आणि परगावच्या बसस्थानकाजवळ एका इसमाने पुठ्ठ्याच्या खोक्यातून ते पिल्लू काढून आमच्या हाती ठेवले. मी सोबत होतो. लॅब्रॅडोर जातीचे, सायीच्या रंगाचे, दोन्ही तळहातांत मावेल एवढे. मी किंमत विचारली, वय विचारले, वंशावळीचा कागद विचारला. "कागद मागाहून पाठवतो," असे उत्तर मिळाले आणि ते मी मानले. चौथ्या दिवशी पिल्लाने खाणे सोडले. पाचव्या दिवशी उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू झाले. पशुवैद्यांनी सलाइन लावले, रात्रंदिवस खटपट केली. पण आठव्या दिवशी पहाटे ते गेले. परसात पेरूच्या झाडाखाली आम्ही त्याला पुरले. विक्रेत्याचा दूरध्वनी त्यानंतर कधी लागला नाही.

माती लोटून घरात येताना नातीने विचारले, "आजोबा, याच्या आईला कळलं असेल का?"

मी निरुत्तर झालो. त्याची आई कोठे होती, कशी होती, जिवंत तरी होती का, यांतले काहीच मला ठाऊक नव्हते. सौद्याच्या वेळी मी दहा प्रश्न विचारले होते. हा एक विचारला नव्हता. विक्रेत्याचा अपराध मोठा खरा, पण त्याचा धंदा माझ्यासारख्या गिऱ्हाइकाच्या या न विचारलेल्या प्रश्नावरच चालतो, हे पुढे जसजसे वाचत आणि विचारीत गेलो तसतसे ध्यानी आले. आज मला सांगायचे आहे ते एवढेच.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांनी आम्हांला आठवीत महाभारताच्या आदिपर्वातील सरमेची कथा सांगितली होती. जनमेजयाचे कुरुक्षेत्री सत्र चालू असता सरमा नावाच्या देवांच्या कुत्रीचे पिल्लू तेथे आले. जनमेजयाच्या तिघा भावांनी त्याला मारले. ते रडत आईकडे गेले. आईने आधी त्यालाच विचारले की, तू काही आगळीक केली असशील. पिल्लू म्हणाले, मी हविर्द्रव्य चाटले नाही, त्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मग ती माता यज्ञमंडपात गेली आणि निरपराध पोराला का मारले, असे तिने राजाला विचारले. कोणीही उत्तर दिले नाही. तेव्हा, तुझ्यावर अदृष्ट भय ओढवेल, असा शाप देऊन ती निघून गेली. सतराव्या पर्वात कुत्र्यासाठी स्वर्ग नाकारणारा युधिष्ठिर आपल्या सर्वांना आठवतो. पण ग्रंथाच्या आरंभीच प्रश्न विचारणारी ही कुत्री आपल्या स्मरणात राहत नाही. 'अदृष्ट भय' म्हणजे न दिसणारे संकट. आमच्या पिल्लाच्या बाबतीत दोन गोष्टी अदृष्ट होत्या: त्याची आई आणि त्याचा रोग. दोन्हींचा परस्परसंबंध कसा, ते क्रमाने पाहू.

इंग्रजी मुलखात ज्याला पिल्लांची गिरणी किंवा शेत म्हणतात, त्याला मी 'पिल्लांचा कारखाना' म्हणतो. कुत्री साधारणपणे वर्षातून दोनदा माजावर येते आणि सुमारे ६३ दिवसांनी विते. घरी प्रेमाने पाळलेल्या कुत्रीला एका वेतानंतर विसावा मिळतो. कारखान्यात तो मिळत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये, कित्येकदा गच्चीवर किंवा तळघरात, पिंजऱ्यांच्या ओळी असतात. प्रत्येक माजाला कुत्री लावली जाते. वेते होत राहतात. दूध आटले, पिल्ले कमी होऊ लागली की तिला रस्त्यावर सोडून देतात. पिल्ले मात्र स्वच्छ धुऊन, गळ्यात फीत बांधून, दूरच्या शहरात दलालामार्फत विकली जातात. पिल्लू आणि त्याची आई गिऱ्हाइकाला एकत्र कधीच दिसू नयेत, ही या धंद्याची पहिली अट असते; कारण आई दिसली तर पिल्लू खपणार नाही.

हा दोष केवळ आपल्याकडचा नाही. २०१३ साली वेल्समधील अशाच एका कारखान्यातून लूसी नावाची कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल जातीची कुत्री सोडविण्यात आली. वारंवारच्या वेतांनी आणि पिंजऱ्यातील कोंडीने तिचे शरीर खिळखिळे झाले होते. २०१६ मध्ये ती मरण पावली. तिच्या नावाने चळवळ उभी राहिली आणि एप्रिल २०२० पासून इंग्लंडमध्ये सहा महिन्यांखालील पिल्लू दुकानदाराने वा दलालाने विकण्यास बंदी आली. तेथे पिल्लू आता ते वाढविणाऱ्याकडूनच, आईसमवेत पाहून घ्यावे लागते, नाहीतर आसरागृहातून दत्तक घ्यावे लागते. म्हणजे तेथील कायद्याने नेमका सरमेचाच प्रश्न गिऱ्हाइकाच्या तोंडी घातला.

आपल्याकडेही कायदा नाही असे नाही. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत घेतलेल्या पुढाकारातून १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आला. त्या कायद्यात पहिल्या अपराधाला फार तर पन्नास रुपये दंड लिहिला गेला. त्या काळी ती रक्कम अगदीच क्षुल्लक नसावी, पुढे ती हास्यास्पद झाली. तथापि याच कायद्याखाली मे २०१७ मध्ये कुत्र्यांची पैदास व विक्री यांविषयीचे स्वतंत्र नियम निघाले आणि २०१८ मध्ये पाळीव प्राण्यांच्या दुकानांविषयीचे. २०१७ च्या नियमांतील काही गोष्टी प्रत्येक गिऱ्हाइकाने पाठ कराव्यात. पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. कुत्री दीड वर्षाची होण्यापूर्वी तिची वीण घेता येत नाही. आठ वर्षांनंतरही घेता येत नाही. वर्षाला एकाहून अधिक आणि आयुष्यात पाचांहून अधिक वेते घेता येत नाहीत. आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही. विकलेले पिल्लू निरोगी व लस टोचलेले असले पाहिजे आणि त्याची लेखी पावती दिली पाहिजे. नियम चांगले आहेत. पण परगावच्या बसस्थानकावर पुठ्ठ्याच्या खोक्याशेजारी सरकारी निरीक्षक उभा नसतो. तेथे निरीक्षक आपणच असतो.

आठ आठवड्यांची अट कशासाठी, हे समजले म्हणजे आमचे पिल्लू का गेले तेही समजते. जन्मल्यावर पहिल्या दिवशी पिल्लू आईचा चीक पिते. त्या चिकातून आईची रोगप्रतिकारशक्ती त्याच्या अंगात येते. ही शिदोरी पुढील काही आठवड्यांत हळूहळू संपते. कोणाची सहाव्या आठवड्यात, कोणाची चौदाव्या-सोळाव्यात. गंमत अशी की ती शिदोरी शिल्लक असेतोवर बाहेरून टोचलेली लस नीट लागू पडत नाही. आणि संपत आली की रोगापासून रक्षण करण्याइतकी ती उरत नाही. मधले काही दिवस पिल्लू दोन्हीकडून उघडे असते. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिली लस देऊन, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने ती सोळा आठवड्यांपर्यंत पुन्हा पुन्हा द्यावी लागते. "एक इंजेक्शन झाले आहे, आता काळजी नाही," हे विक्रेत्याचे वाक्य म्हणूनच फसवे आहे. शिवाय आईलाच कधी लस टोचली नसेल, तर चिकातून ती पिल्लाला देणार तरी काय? आईची आबाळ झाली की पिल्लाची शिदोरी जन्मापासूनच रिकामी.

पार्व्हो हा रोग जगाला १९७८ च्या सुमारास ठाऊक झाला. त्याचा विषाणू आजारी पिल्लाच्या विष्ठेतून प्रचंड प्रमाणात बाहेर पडतो आणि जमिनीवर, भांड्यांत, चपलांच्या तळव्यांना महिनोन्महिने जिवंत राहतो. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात. अनेक घरची पिल्ले जेथे एकत्र कोंबली जातात, तेथे एकाचा रोग सर्वांना लागतो. पण विक्रीच्या दिवशी पिल्लू टुणटुणीत दिसते आणि नव्या घरी चौथ्या-पाचव्या दिवशी कोसळते. डिस्टेंपरची लक्षणे तर याहूनही उशिरा दिसतात. विक्रेता म्हणतो, "मी दिले तेव्हा चांगले होते, तुमच्याकडे बिघडले." दिसण्यापुरते त्याचे म्हणणे खरे असते. अदृष्ट भय म्हणतात ते हेच. नातीचे रडे थांबावे म्हणून मुलगा लगेच दुसरे पिल्लू आणायला निघाला होता. पशुवैद्यांनी त्याला थोपविले. नेहमीच्या फिनेलने हा विषाणू मरत नाही, जंतुनाशक ब्लीचच्या द्रावणाने फरशी धुवावी लागते, आणि मातीच्या परसाचा तर भरवसाच नाही. तशा घरात लस पूर्ण न झालेले पिल्लू आणणे म्हणजे त्याच खड्ड्याशेजारी दुसरा खड्डा खणणे.

दुसरी गोष्ट स्वभावाची. स्कॉट आणि फुलर या अमेरिकन संशोधकांनी अनेक वर्षे कुत्र्यांचे निरीक्षण करून १९६५ मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्ष असा की, साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांत पिल्लू जे पाहते, ऐकते, हुंगते, त्यावर त्याचा माणसांशी व इतर कुत्र्यांशी पुढे जन्मभर वागण्याचा पाया घातला जातो. भावंडांशी खेळताना जोरात चावले तर समोरचा केकाटतो आणि खेळ मोडतो. आई गुरगुरून दाबते. दात किती जोराने लावावेत, हे पिल्लू या शाळेत शिकते. महिन्याच्या पिल्लाला तेथून उचलले तर त्याची ही शाळाच बुडते. अशी कुत्री पुढे विनाकारण भितात किंवा चावतात, आणि मग "कुत्रे वाईट निघाले" म्हणून लोक त्यांना गावाबाहेर सोडून येतात. आपण शिक्षक मंडळी. बालपणीची शाळा बुडाल्याचा परिणाम आपल्याला वेगळा सांगावयास नको.

आता प्रत्यक्ष निवड कशी करावी? आधी घरात बसून विचार करावा. कुत्रे दहा ते चौदा वर्षे जगते. दहा वर्षांच्या मुलीसाठी आणलेले कुत्रे ती महाविद्यालयात जाईल तेव्हाही घरीच असेल आणि त्याला फिरविण्याची पाळी आजी-आजोबांवर येईल. दाट केसांचा हस्की किंवा सेंट बर्नार्ड आपल्या उन्हाळ्यात सुखी राहत नाही. चपट्या नाकाचा पग २००३ साली एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत झळकला आणि घरोघरी हवासा झाला. पण त्या नाकामुळेच त्याला श्वास घेणे जड जाते. जाहिरात पाहून कुत्रे निवडणे म्हणजे मुखपृष्ठ पाहून ग्रंथ निवडणे.

मग पिल्लू जेथे जन्मले त्या जागी स्वतः जावे. विक्रेता "मीच घेऊन येतो, अर्ध्या वाटेत भेटू," असे म्हणू लागला तर व्यवहार तेथेच थांबवावा. पिल्लांसह आई दाखवा, असे सांगावे. "ती गावी आहे", "ती चावते", "आताच फिरायला नेली" ही उत्तरे ऐकून परत फिरावे. क्वचित दुसरीच कुत्री आई म्हणून पुढे करतात. खऱ्या आईच्या आचळांवर दूध पाजल्याची खूण दिसते आणि पिल्ले तिच्याकडे धावतात. ती धष्टपुष्ट आहे की हाडाडलेली, माणसाला पाहून शेपूट हालविते की कोपऱ्यात दबते, हे पाहावे. 'खाण तशी माती' ही म्हण आपण माणसांविषयी सहज वापरतो. येथे ती अक्षरशः खरी आहे.

पिल्लाचे तोंड उघडून दात पाहावेत. आठ आठवड्यांच्या पिल्लाला बहुधा दुधाचे सर्व २८ दात आलेले असतात. पुढचे दात असून दाढा अजून हिरडीतच असतील, तर ते दोन महिन्यांचे नाही. डोळे-नाक वाहत नाही ना, शेपटीखालचा भाग स्वच्छ आहे ना, पोट जंतांनी फुगलेले नाही ना, हे पाहावे. लसीच्या पुस्तिकेत कुपीवरचे चिकटपत्र लावलेले असते. त्यावर लसीचे नाव, गट-क्रमांक व मुदत असते आणि शेजारी पशुवैद्यांची सही असते. नुसती तारीख व शाईचा ठिपका म्हणजे लस नव्हे. केनेल क्लबचा वंशावळीचा कागद आई-बाप कोण ते सांगतो; पिल्लू निरोगी आहे किंवा त्याची आई सुखात आहे, असे तो सांगत नाही. तो मागावा, पण त्यावर विसंबू नये. घरी नेल्यावर एक-दोन दिवसांतच आपल्या पशुवैद्यांना दाखवावे आणि रोग निघाल्यास काय करायचे हे आधीच पावतीवर लिहून घ्यावे.

आणखी एक खूण मला फार विश्वसनीय वाटते. चांगला पैदासकार आपल्यालाच प्रश्न विचारतो. घरी कोण असते, गच्ची आहे की अंगण, गावाला जाल तेव्हा काय कराल, आणि सांभाळणे न जमल्यास मलाच परत द्याल ना? मुलीला स्थळ पाहणाऱ्या बापासारखी त्याची चौकशी असते. ज्याला फक्त पैसे कधी पाठवता एवढेच विचारायचे असते, त्याच्याकडून पिल्लू घेऊ नये.

येथे एक कठीण प्रसंग येतो. पिंजऱ्यातील मलूल पिल्लू पाहून मन द्रवते. "निदान याला तरी सोडवू," असे वाटते. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची आख्यायिका ऐकत आपण वाढलो. दया हा आपला वारसा आहे. परंतु दयेने दिलेली किंमत विक्रेत्याच्या गल्ल्यात नफा म्हणूनच पडते. एक पिंजरा रिकामा होतो आणि तो भरण्यासाठी शेडमधल्या आईला पुन्हा एक वेत घ्यावे लागते. अशा वेळी विकत न घेता परतावे, आणि जिल्ह्याची प्राणी क्रूरता प्रतिबंधक समिती, राज्य प्राणी कल्याण मंडळ किंवा पोलीस यांच्याकडे लेखी तक्रार करावी. हे करताना पाय जड होतात, हे मी जाणतो. पण त्या पिल्लाची आई आपल्याला दिसत नसली तरी तिच्यासाठी आपण काही करू शकतो, ते एवढेच आहे.

आपल्या भागाविषयीही थोडे बोलले पाहिजे. शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ येथे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ज्या शिकारी जातीची जोपासना केली, तिला २००५ मध्ये टपाल तिकिटावर स्थान मिळाले. मुधोळजवळ तिम्मापूर येथे कर्नाटकाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र आहे. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील आपल्या भाषणात या जातीचा उल्लेख केला. आपल्याला अभिमान वाटतो, तो योग्यच आहे. पण मुधोळचा कुत्रा माळरानावर सशामागे धावण्यासाठी घडलेला आहे. दोन खोल्यांच्या सदनिकेत तो कुढतो. आणि कीर्ती वाढली की मागणी वाढते, मागणी वाढली की कारखानदार येतो. विदेशी जातींचे जे झाले ते देशी जातीचे होऊ नये, ही काळजी गिऱ्हाइकानेच घ्यायची आहे.

शेवटी, विकत घेणे हा एकच मार्ग नाही. आसरागृहांत आणि आपल्याच गल्लीत निरोगी, काटक, या हवेत मुरलेली गावठी पिल्ले असतात. त्यांनाही आठ आठवडे आईजवळ राहू द्यावे, लसी पूर्ण कराव्यात, तीन महिन्यांच्या वयानंतर रेबीजची लस न चुकता टोचावी आणि योग्य वयात नसबंदी करून घ्यावी.

आमच्या घरी आम्ही वर्षभर थांबलो. नंतर गल्लीच्या टोकाला लाकडाच्या वखारीत एक तांबूस कुत्री व्यायली. नात रोज शाळेतून येताना तिला पाहून येई. कोणत्या पिल्लाचे डोळे कधी उघडले, याची तिने वहीत नोंद ठेवली होती. नऊ आठवड्यांनी त्यांतले एक पिल्लू पहिली लस टोचून आमच्याकडे आले. उरलेली तीन ओळखीच्या घरांत गेली. त्याचे सर्व डोस पूर्ण होईपर्यंत आम्ही त्याला परसात सोडले नाही. पुढे आईचीही नसबंदी झाली. कानाला छेद दिल्याची खूण तिच्यावर आहे. संध्याकाळी ती आमच्या फाटकाशी येऊन उभी राहते. नात तिला भाकरी देते, पिल्लू गजांतून नाक बाहेर काढते आणि दोघे एकमेकांना हुंगतात. पेरूच्या झाडाखालच्या पिल्लाविषयी नातीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला अजून देता येत नाही. या पिल्लाच्या आईचे विचाराल, तर ती तेथे उभी आहे.